कानातली काडी

ही एकोणीसशे एकोणऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी पट्टीच्या सासूबाईंनी घरातले जुने दागिने मोडायला काढले.

पट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शहराला पाणी पुरवणाऱ्या आणि सांडपाणी वाहून नेणाऱ्या खात्यात ती नकाशे काढायची. अंगाने उंच, शिडशिडीत आणि बोलायला सरळसोट, म्हणून ऑफिसात कुणीतरी तिला पट्टी म्हणायला लागलं. एकदा ते नाव तिच्यामागून घरी आलं आणि घरातच राहिलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि घरात बायकांचं काही वाजलं की "मी भिंग लावलं होतं, मला ऐकू आलं नाही" म्हणायचा. भिंगाचा आणि कानांचा काय संबंध, हे त्याला कुणी कधी विचारलं नाही.

रविवारची दुपार होती. सासूबाईंनी कपाटातून पेटी काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. शिसवी पेटी, आत लाल मखमल, पाच खण. एका खणात ठुशी, म्हणजे गळ्याला घट्ट बसणारा बारीक सोनमण्यांचा दागिना. दुसऱ्यात लांब मोहनमाळ. तिसऱ्यात मनगटातले तोडे. चौथ्यात वाक्या, त्या दंडात घालायच्या. आणि सगळ्यात लहान खणात मोत्याच्या दोन बुगड्या, कानाच्या वरच्या पाळीत घालायच्या.

नणंदही आली होती. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची.

"तुम्ही दोघी," सासूबाई म्हणाल्या, "आणि ठुशी एक. तिचे काही दोन तुकडे करता येत नाहीत. शिवाय घालतं कोण? वर्षातून एकदा कुणाच्या तरी लग्नात, परत पेटीत. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सोनारकाका येणार आहेत. सगळं मोडून टाकते. दोघींना सारख्या वजनाच्या साखळ्या होतील. नाजूक. रोज घालायच्या."

"मला चालेल बाई," नणंद म्हणाली. "हे घालून मी पेशंटसमोर बसले तर त्याला भिंतीवरची अक्षरं सोडून दुसरंच दिसायला लागेल."

पट्टी गप्प बसली. पट्टी गप्प बसली की तिचा नवरा भिंग शोधायला लागायचा.

सोनाराकडे मोडणं म्हणजे वितळवणं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिला नोकरी लागली त्या वर्षी तिच्या आईने स्वतःची ठुशी अशीच मोडली होती. ऑफिसात घालायला नाजूक चेन हवी, म्हणून. तीन बायकांच्या गळ्यात राहूनही ज्या ठुशीचा एक मणी हलला नव्हता, तिची चेन झाली, आणि चौथ्या महिन्यात ऑफिसात तोंड धुताना तिचा आकडा उघडला. बेसिनच्या जाळीतून चेन खाली गेली. तिथून ती कुठल्या नळीत, कुठल्या चेंबरमध्ये आणि कुठल्या नाल्यात गेली असेल, हे पट्टी नकाशावर बोट ठेवून सांगू शकली असती. सगळा नकाशा तिचाच होता. उपयोग शून्य. आईला तिने हे कधी सांगितलं नाही. आता सांगायला आईही नव्हती.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "रोज घालता येत नाहीत म्हणूनच मोडायचे ना?"

"म्हणूनच."

"मग मी रोज घालून दाखवते."

"कुठे, स्वयंपाकघरात?"

"ऑफिसात."

"कशावर गं?"

"माझ्या नेहमीच्या कपड्यांवर."

पट्टीचे नेहमीचे कपडे म्हणजे पांढरा कॉलरचा शर्ट, राखाडी पँट आणि शाईचे डाग पडू नयेत म्हणून खात्याने दिलेला निळा डगला. सासूबाईंनी तिला खालून वर आणि वरून खाली पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"पोस्टाच्या पेटीला ठुशी!" त्या म्हणाल्या.

"असू दे. एक महिना द्या. एकही दिवस चुकला तर खुशाल मोडा. मी तोंड उघडणार नाही."

हे शेवटचं सासूबाईंना मोलाचं वाटलं असावं. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "मी काही तुझ्या ऑफिसात येऊन बघणार नाही. तू सकाळी बाहेर पडलीस की मी पेटी उघडणार. एक तरी खण रिकामा दिसला पाहिजे. ज्या कामाच्या दिवशी पेटी भरलेली दिसली, त्या दिवशी विषय संपला. कबूल?"

"कबूल."

"तू ऐकलंस ना रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"मी भिंग लावलं होतं," तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी पट्टीने माती खाल्ली. तिला वाटलं, दाखवायचंच आहे तर नीट दाखवू. ठुशी घातली, तिच्याखाली मोहनमाळ सोडली, दोन्ही हातांत तोडे चढवले आणि वर डगला. विभागात शिरल्या शिरल्या टायपिस्टबाईंचं मशीन थांबलं. टायपिस्टबाई बुटक्या, गोल आणि जिभेच्या फार तिखट.

"अगो बाई! कुणाचं लग्न? आणि नवरीने प्लंबरचा डगला का घातलाय?"

अख्खा विभाग हसला. पट्टीही हसली, पण कान गरम झाले ते झालेच. त्यात सकाळी अकराच्या सुमाराला उजव्या हातातला तोडा ओल्या शाईवरून सरकला. तेव्हा नकाशे हाताने निघायचे. ट्रेसिंगचा कागद ताणून लावायचा, रेघांच्या पेनात थेंबाथेंबाने काळी शाई भरायची आणि श्वास रोखून रेघ ओढायची. दोन दिवसांचं काम होतं ते. तोड्याने त्यातल्या मुख्य जलवाहिनीला विनाकारण एक फाटा फोडला.

मोठे साहेब, म्हणजे आरेखन विभागाचे प्रमुख, आवाज न चढवणारे गृहस्थ होते. ते नकाशावर वाकले. मग म्हणाले, "या डागाप्रमाणे पाणी सोडलं तर ते थेट माझ्या घराच्या गच्चीवर येईल."

दुपारपर्यंत भिंतीवर टाइप केलेला आदेश लागला: 'चित्रफलकावर काम करताना कर्मचाऱ्यांनी हातात दागिने व अंगावर लोंबते दागिने घालू नयेत.' टाइप केला होता टायपिस्टबाईंनीच. त्या मनाने वाईट नव्हत्या. "सॉरी गं," त्या म्हणाल्या, "दोनदा चुकवून बघितला, तरी त्यांनी परत करायला लावला."

पट्टीने डबा उघडून बाजूला सरकवला. समोर तो बिघडलेला कागद होता. ब्लेडने डाग खरवडायचा म्हणून ती तो न्याहाळू लागली, आणि न्याहाळता न्याहाळता तिचं लक्ष डागावरून उडालं. साध्या, रोज बघायच्या गोष्टीवर तिची नजर ठरली. पूर्ण कागदावर जाड रेघ एकच होती. मुख्य जलवाहिनी. घराघरांत जाणाऱ्या बाकीच्या सगळ्या रेघा केसासारख्या बारीक, आणि उरलेला कागद कोरा. म्हणून तर ती एक रेघ लांबूनही दिसत होती. सगळ्याच जाड काढल्या तर नकाशा कसला, नुसता चिखल. आणि आज सकाळी आपण अंगावर नेमका तोच चिखल करून आलो.

मग तिने भिंतीवरचा आदेश पुन्हा वाचला. नकाशे वाचणाऱ्या माणसाची एक खोड असते. काय काढलंय ते तो बघतोच, काय काढलेलं नाही तेही बघतो. हातात नको. लोंबतं नको. यात गळा कुठे होता? दंड कुठे होता?

दुसऱ्या दिवशी ती फक्त ठुशी घालून गेली. कान मोकळे, हात मोकळे, कॉलरचं वरचं एकच बटण उघडं आणि त्या पांढऱ्या त्रिकोणात ठुशी. बाकी सगळा कोरा कागद.

साहेब तिच्या फलकापाशी थांबले. "आदेश वाचला नाही वाटतं?"

"वाचला, साहेब. आदेशात लोंबते दागिने म्हटलंय. ठुशी लोंबत नाही."

"दागिना म्हटलं की लोंबणारच."

"बघा." ती फलकावर वाकली, अगदी नाक कागदाला टेकेल इतकी, आणि डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढली. ठुशी गळ्याला चिकटून होती तशीच राहिली. "बसते ती. हलत नाही. तुमचा टाय बघा, साहेब. तो मात्र माझ्या शाईच्या दौतीत बुडतोय."

साहेबांनी खाली बघितलं. खरंच बुडत होता. विभागात इतकी शांतता पसरली की टायपिस्टबाईंना हसू दाबताना लागलेली उचकी सगळ्यांना ऐकू आली. साहेबांनी टाय उचलला, रुमालाने टिपला आणि म्हणाले, "ठीक आहे. आदेशाच्या शब्दांत हे बसतं." दुसऱ्या दिवसापासून ते टाय शर्टाच्या आत खोचून यायला लागले.

तिथून पट्टीचा हात बसला. वाकी तिने एकाच दंडात घातली, शर्टाची बाही कोपरावर दुमडून, त्या दुमडीच्या जरा वर. डगला काढून खांद्यावर टाकला की ती दिसायची. मोहनमाळ लोंबती, म्हणून ती शनिवारी. शनिवारी जुने नकाशे लावायचे असायचे, शाईचा संबंध नाही. माळ दुपदरी करून कॉलरच्या खालून घ्यायची आणि डगल्याचं पहिलं बटण लावायचं, म्हणजे सोन्याच्या फक्त दोन रेघा दिसायच्या. तोडा कधी सभेच्या दिवशी, तोही डाव्या हातात, एकटाच. वाकी असो की तोडा, जोडीतला दुसरा बरोबर पर्समध्ये, म्हणजे घरी खण रिकामा. बाकी अंगावर काही नाही, घड्याळसुद्धा नाही. नवऱ्याला तेवढंच लागलं.

"घड्याळ का नाही?" त्याने विचारलं.

"एकच जाड रेघ," ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात टायपिस्टबाईंनी तिला जिन्यात गाठलं. "माझ्याकडे आजीचे हातातले गोठ आहेत. जाडजूड. टाइप करताना खडखड करतात. काय करू?"

"एका हातात एक घाला. दोन असले तर वाजतील, एकटा कुणाशी भांडणार?"

"तुझी सासू घरी एकटी असते का गं?"

"असते. पण तिला भांडायला पेटी पुरते."

हे खरंच होतं. सासूबाई रोज सकाळी पेटी उघडायच्या आणि संध्याकाळी जाहीर करायच्या. "आज ठुशीचा खण. काल वाकीचा." तारखा त्यांना तोंडपाठ असायच्या. एक खण मात्र कधीच रिकामा झाला नाही. बुगड्यांचा. पट्टीच्या कानाच्या वरच्या पाळीला भोकं नव्हती, आणि महिन्याच्या पैजेसाठी कान टोचून घ्यायला तिची तयारी नव्हती.

इथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवायला हवी. न्हाणीघरातल्या फळीवर, साबणाच्या मागे, सासूबाईंचा एक कान तुटलेला कप असायचा. त्यात झाडूच्या काड्या, पेराएवढ्या तोडलेल्या. पट्टीने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात केर समजून तो कप रिकामा केला होता आणि चांगली बोलणी खाल्ली होती. "माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही!" कान खाजवायला लागत असतील, असं समजून तिने तो विषय सोडून दिला होता.

सव्विसाव्या दिवशी सकाळी पट्टी उठली तर डोळे उघडतच नव्हते. पापण्या चिकटलेल्या, आत वाळू टाकल्यासारखी. डोळे आले होते. नवऱ्याने बहिणीला फोन केला, तसं ती दवाखान्यात जाण्याआधी येऊन गेली. टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाली, "पाच दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, वहिनी. अख्ख्या ऑफिसला देशील. मग माझ्याकडे रांग लागेल."

"मला आज जायलाच हवं."

"दिसतंय का तुला काही?"

"ठुशी चाचपून घालता येते."

"येडी आहेस का? त्या साखळीसाठी डोळे घालवणार?"

"साखळीसाठी नाही," पट्टी म्हणाली. "साखळी होऊ नये म्हणून."

नणंदेने औषधाची बाटली काढली. थेंब टाकले, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला आणि निघून गेली.

पट्टी पडून राहिली. एकदा वाटलं, ठुशी घालून इथेच पडावं, खण तर रिकामा होईल. पण ती लबाडी झाली असती. दागिना उंबऱ्याबाहेर गेला नाही तर तो पेटीतच राहिल्यासारखा. तिने हाक मारली. "आई, आजचा दिवस चुकला. पेटी भरलेली आहे. मी हरले. तोंड उघडणार नाही म्हणाले होते, उघडणार नाही."

 दारातून सासूबाईंचा आवाज आला. "रजेचा अर्ज कोण नेणार?"

"हे नेतील."

"त्याचं दुकान उलट्या दिशेला. अर्ज सांग, मी लिहिते. मी नेऊन देते."

"तुम्ही?"

"का? मला पाय नाहीत?"

पट्टीने अर्ज सांगितला. मग कापसाखालून तिला नुसतं ऐकू येत राहिलं. कपाटाची किल्ली. पेटीचं झाकण. पुष्कळ वेळ काहीच नाही. मग आरशासमोर खुर्ची सरकल्याचा आवाज, एक अस्पष्ट "स्स", आणि शेवटी दार ओढून घेतल्याचा.

तिला राहवेना. भिंतीला धरत ती उठली, एका डोळ्यावरचा कापूस वर केला आणि पेटीत वाकून बघितलं. ठुशी होती. माळ होती. तोडे, वाक्या होत्या. सगळ्यात लहान खण रिकामा होता.

बुगड्या! पण कशा? इतक्या वर्षांत भोकं बुजली नसतील? आणि मग तिला तो कान तुटलेला कप आठवला, आणि पेराएवढ्या काड्या. भोक बुजू नये म्हणून त्यात काडी घालून ठेवायची असते. बुगडी घालायची असेल तरच कुणी ते करतं. जिला बुगड्या मोडायच्याच आहेत, ती बाई वर्षानुवर्षं अंघोळ झाली की कानात काडी कशाला घालेल?

सासूबाई दोन वाजता परतल्या. तास-दीड तासाच्या कामाला पाच तास लागले होते. साधं मऊ सुती लुगडं, त्यावर थंडीचा तपकिरी कोट, पायात चपला, आणि कानाच्या वरच्या बाजूला दोन मोत्याचे घोस. बाकी काही नाही.

"एकच जाड रेघ," पट्टी पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. बसा. इतका उशीर?"

"तुझ्या त्या टायपिस्टबाईने धरून ठेवलं. चहा पाजला. आजी, बुगडी कुठे घेतली, आजी, दुखत नाही का, आजी, टोचून कोण देतं. मी म्हटलं, आजी कोणाला म्हणतेस, तुझे केस माझ्याहून पांढरे आहेत." सासूबाईंनी कोट काढला. "साहेब चांगला आहे. खुर्ची दिली. मला विचारतो कसा, हे लोंबतं का? मी म्हटलं, अहो, कानात घट्ट बसतं, लोंबायला जागाच नाही. टाय आत खोचून का ठेवतो गं तो?"

पट्टी हसली तर डोळे झोंबले.

"आई, सव्विसावा दिवस झाला म्हणायचा?"

"खण रिकामा होता ना? मी तेवढंच म्हटलं होतं. कुणी घालायचं ते म्हटलं नव्हतं."

"मग मोडायचं कशाला काढलं होतंत?"

सासूबाई आरशासमोर बसल्या, पण बुगड्या काढल्या नाहीत. "मला माझ्या सासूने म्हटलं होतं, घरात बसून कुणाला दाखवायच्यात? वाटायचं, कधीतरी कुठेतरी जायचं निघेल. निघालं नाही. मग माझी लेक मोठी झाली, तू आलीस, तुम्ही दोघी रोज बाहेर जाता, पण तुम्हाला नकोत. म्हटलं, मग राहू तरी कशाला द्यायच्या?"

"आणि काड्या?"

"हाताची सवय," त्या म्हणाल्या. आणि कानाला बोट लावत, "झोंबलं गं घालताना. पण गेली आत."

उरलेले दिवस पट्टी घरात होती आणि सासूबाई बाहेर. एक दिवस वाचनालयात, एक दिवस दुकानात मुलाला डबा द्यायला, एक दिवस नुसत्याच, कुठे ते सांगितलं नाही. एक तारखेला सोनारकाका आले. काटा, चिमटा, कापडी पिशवी, सगळा सरंजाम. सासूबाईंनी त्यांच्यापुढे फक्त ठुशी ठेवली.

"हिचा दोरा विरलाय. नवा घालून द्या. रोजच्या वापराची आहे."

सोनारकाकांनी भिंगातून मणी बघितले. बराच वेळ बघितले. "मोडायला बोलावलंत आणि ओवायला देता," ते कुरकुरले. पण हा दागिना त्यांच्या वडिलांच्या हातचा होता, आणि पिशवी परत भरताना ते गुणगुणत होते.

दारात नणंद उभी होती. ती म्हणाली, "आणि मला?"

"तुला साखळी हवी होती ना?" सासूबाई म्हणाल्या.

"मला बुगड्या हव्यात. दवाखान्यात मी समोर बसते, पेशंट अक्षरं वाचतो. कान कुणी बघत नाही." ती जरा ओशाळली. "भोकं पाडून घेते."

तेव्हापासून पेटीतला एकेक दागिना दोन घरांत फिरू लागला. आज जिच्याकडे जो आहे, तिच्याकडे तो. भांडणं झाली नाहीत असं नाही. तोड्यांवरून एकदा दोन महिने अबोला होता.

साहेब निवृत्त झाले तेव्हा भाषणात म्हणाले की तीस वर्षांच्या नोकरीत आपण एकच आदेश विचार न करता काढला. टायपिस्टबाईंनी गोठ घातले ते शेवटपर्यंत, एका हातात एक. पुढे त्या मुलीकडे दुसऱ्या गावी गेल्या आणि तिथून दर वर्षी पट्टीला पत्र लिहीत राहिल्या, टाइप करून. सोनारकाकांनंतर त्यांचं दुकान बंद झालं. ठुशी ओवणारं दुसरं कुणी मिळेना, तेव्हा पट्टीच्या नवऱ्याने भिंग लावून ते काम शिकून घेतलं. हे काम त्याला ऐकू आलं होतं. नणंदेने स्वतःचा दवाखाना काढला. तिथे भिंतीवरची अक्षरं वाचायला येणाऱ्या बायका आधी तिच्या कानाकडे बघायच्या. तिला ते आवडायचं, पण कबूल करायची नाही. सासूबाई पंचाऐंशीव्या वर्षी गेल्या. आदल्या आठवड्यापर्यंत बुगड्या घालून वाचनालयात जात होत्या.

पट्टीने पन्नाशीला कानाच्या वरच्या पाळीला भोकं पाडून घेतली. "या वयात?" नणंद म्हणाली होती. खात्यात नकाशे कॉम्प्युटरवर निघायला लागले, शाई गेली, डगला गेला, पण ती निवृत्त होईपर्यंत एकच काहीतरी घालून जात राहिली. न्हाणीघरातला कान तुटलेला कप तिने फेकला नाही. आता त्यातल्या काड्या तिच्या असतात. आणि पेटी केव्हाही उघडून बघा, एक तरी खण रिकामा असतोच.